डागाखालचा टिंब

परवा ओपीडीत एका आजींनी पिशवीतून चुरगळलेला केसपेपर काढला. खालच्या बाजूला तेलाचा डाग. क्यूआर कोडचा खालचा उजवा कोपरा त्यात गेला होता, तरी स्कॅनरने नोंदणी क्रमांक लगेच वाचला. माझं अक्षर मात्र मलाच लागेना.

ही करामत गणिताची. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 मध्ये दाखवलं, की माहितीच्या चार बिटांना हिशेबाने तपासणीचे तीन बिट जोडायचे. सात बिटांच्या 128 रचनांपैकी फक्त 16 वैध ठरवायच्या, तेही अशा, की कोणत्याही दोघींत निदान तीन जागी फरक असेल. मग एखादा बिट उलटला, तरी मूळ रचनाच सर्वांत जवळची राहते. नुसत्या तीन-तीन नकला केल्या असत्या, तर बारा बिट लागले असते!

पण डाग शेजारचे अनेक बिट एकदम खातो. 1960 मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी बिटांचे गट धरून चूक दुरुस्त करणारी संहिता मांडली. सीडीत तीच होती, क्यूआर कोडमध्येही तीच आहे. क्यूआरमध्ये साधारण 7 ते 30 टक्के नुकसान भरून काढता येतं. जितकी जास्त सुरक्षितता, तितकी माहितीला जागा कमी.

आजींच्या कागदावरच्या ‘0.5’मधला टिंब डागाखाली गेला होता. गोळ्यांची स्ट्रिप सोबत होती म्हणून कळलं. नव्या कागदावर आकड्याशेजारी मी ‘अर्धा मिलिग्रॅम’ असं अक्षरीही लिहिलं.