बापजाद्यांची जमीन आणि आत्याची सही

वाचकहो, आपल्याकडे घरातले वडीलधारे माणूस गेले की दहावा होतो, तेरावा होतो, वर्षश्राद्धही होते. एक काम मात्र राहून जाते, ते जमिनीच्या कागदांचे. "आताच कशाला? लोक काय म्हणतील?" असे म्हणता म्हणता दहा वर्षे जातात आणि खरेदीखतावर नाव राहते आजोबांचेच. आमच्या घरी नेमके हेच झाले.

रिव्हिएर न्वार जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबांचा अर्धा अर्पां होता, म्हणजे पन्नास पर्च. उसाच्या मळ्यात राबून, पोटाला चिमटा घेऊन घेतलेला. आजी त्यांच्या आधीच वारली होती. मुले पाच. तेव्हाच वाटणी झाली असती तर प्रत्येकाला दहा पर्च, म्हणजे सुमारे ४२२ चौरस मीटर, मिळाले असते. घर, अंगण आणि मागे थोडी भाजी, एवढे त्यात बसते. पुढे एकेक जण गेले. ज्या घरी मुले चार, तेथे एकेकाच्या वाट्याला अडीच पर्च आले. गेल्या वर्षी आम्ही नोटरीकडे गेलो तेव्हा वारस निघाले तेवीस. काही फ्रान्समध्ये, काही इंग्लंडमध्ये. पाच भावंडांपैकी हयात होती फक्त आत्या.

इंग्लंडचे नातेवाईक फोनवर विचारीत, "प्रोबेट झाले का?" त्यांना सांगावे लागले की आपल्या बेटावर रीत वेगळी आहे. १८१० मध्ये इंग्रज आले, पण वारशाचा कायदा फ्रेंचांचाच राहिला. येथे काम नोटरीकडे सुरू होते. मृत्यूचा दाखला, जन्म व विवाहाचे दाखले, ओळखपत्रे आणि मूळ खरेदीखत त्याला लागते. कुटुंबाला ओळखणारे साक्षीदार वारस कोण कोण ते सांगतात, आणि तसा लेख होतो. मग सर्व्हेयर जमीन मोजून नकाशा काढतो, वाटणीपत्र होते आणि पोर्ट लुईला त्याची नोंद होते. एखादा वारस अज्ञान असेल, तर नोटरीला पहिल्याच दिवशी सांगावे.

आमचे घोडे अडले ते नावावर. खरेदीखतात आजोबांचे नाव एका तऱ्हेने लिहिलेले, मृत्यूच्या दाखल्यात दुसऱ्या. कारकुनाने कानावर आले तसे लिहिले होते. माणूस एकच, हे शपथेवर सांगण्यात कित्येक महिने गेले. जुन्या पिढीचा माग हवा असेल, तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाची दप्तरे आहेत.

अखेर सह्यांचा दिवस आला. कागद फ्रेंचमध्ये. माझ्या एका चुलतभावाने आधीच ठरवून ठेवले होते की आत्याने आपला भाग सोडायचा. "तिचे लग्न थाटात लावून दिले, आणखी काय हवे?" ऐंशीच्या घरातली आत्या पेन हातात घेऊन बसली होती. मी म्हटले, "आत्या, थांबा. आधी ऐका तरी." मी नोटरींना विनंती केली आणि त्यांनी सगळे क्रेओलमध्ये समजावून सांगितले. मुलगा असो वा मुलगी, कायद्यात भाग सारखाच. मुलीने हक्क सोडला असे कोणी गृहीत धरू शकत नाही. बाप जिवंत असताना, लग्नाच्या वेळी तिने तसे लिहून दिले असले तरी ते चालत नाही.

आत्याने पेन खाली ठेवले. म्हणाली, "लग्नात मला दोन बांगड्या मिळाल्या. त्या नवऱ्याच्या आजारपणात गेल्या. त्या जमिनीतले दगड मात्र मी बाबांबरोबर वेचले आहेत."

आत्याने सही केली नाही. कागद पुन्हा लिहिले गेले आणि तिचे दहा पर्च तिच्या नावे झाले. चुलतभावाचे घर जेथे आहे तो तुकडा तिने आपणहून त्याला राहू दिला आणि स्वतः मागची बाजू घेतली. तो अजून तिच्याशी बोलत नाही. पण हे सामोपचाराने मिटले नसते, तर कोणाही एका वारसाला कोर्टात जाता आले असते. जमिनीचे तुकडे पडत नसले, तर कोर्टात लिलाव होतो आणि ती परक्याच्या हाती जाऊ शकते.

ज्यांना मृत्युपत्र करायचे आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. नोटरीकडे न जाता स्वतः लिहिले, तर ते सबंध स्वहस्ते लिहिलेले, तारीख घातलेले आणि सही केलेले हवे. आणि सगळेच मर्जीप्रमाणे देता येत नाही. एक मूल असेल तर निम्मे, दोन असतील तर एक तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर फक्त एक चतुर्थांश आपल्या इच्छेने देता येते. बाकी मुलांचेच. नवरा-बायकोचा हिशोब वेगळा असतो, तो नोटरीलाच विचारावा.

येत्या गणेश चतुर्थीला घरची मंडळी एकत्र जमतील. आरती झाली, मोदक खाऊन झाले, की कपाटावरची ती पत्र्याची पेटी खाली काढा. खरेदीखतावर नाव कोणाचे आहे ते मोठ्याने वाचा, आणि त्या वेळी बहिणी-आत्यांना स्वयंपाकघरातून बाहेर बोलवायला विसरू नका.