कोंबड्यांच्या सालाआधीचं शेत

पहाटे ५.३०

होळी तोंडावर आली की खांडबाऱ्याच्या आसपास दिवस अंधारातच सुरू होतो. मोहाची फुलं रात्रभर गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरं-शेळ्या फस्त करतात. मी ज्यांच्या घरी उतरले आहे त्या दोघी सासू-सुना टोपल्या घेऊन केव्हाच बाहेर पडल्या. स्टेशनच्या बाजूने मालगाडी जाते. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे गाव, एका अंगाला नंदुरबार, दुसऱ्या अंगाला चिंचपाडा आणि नवापूर.

माझं नेहमीचं काम म्हणजे एका मासिकासाठी अमेरिकेतलं राजकारण, तिथली न्यायालयं आणि समाजजीवन यांवर लिहिणं. ते बरंचसं वाचून होतं. या खेपेला मात्र वनहक्काच्या एका फेटाळलेल्या दाव्यावर लिहायचं आहे आणि ते वाचून होण्यासारखं नाही. दाव्याच्या उत्तरात आलेलं पत्र पुन्हा काढून बघते. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत, ‘पुरावा अपुरा’. आजचा दिवस त्या दोन शब्दांसाठी आहे.

सकाळी ७

चहाच्या टपरीवर राजकारणाला वेळकाळ लागत नाही. माणिकराव गावित नंदुरबार मतदारसंघातून नऊ वेळा लोकसभेत गेले, २०१४ मध्ये हीना गावितांनी त्यांना हरवलं, २०२४ मध्ये गोवाल पाडवींनी हीना गावितांना. ही नावं इथे घरच्या माणसांसारखी घेतली जातात. पण ‘वनपट्टा’ हा शब्द निघाला की आवाज खाली येतात. कोणाचा मंजूर झाला, कोणाचा अडकला, कोणाला अर्ध्याच जमिनीचा मिळाला हे सगळ्यांना पाठ असतं.

जंगलाचा कायदा या नवापूर तालुक्याने दोन्ही टोकांनी पाहिला आहे. नवापूरचे सुरूपसिंग नाईक वनमंत्री असताना लाकूड कारखान्यांना दिलेल्या परवानग्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यांना अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली, मंत्रिपदही गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा केला. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं त्या कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच मान्य केलं. एखादं राष्ट्र असं लिहून देतं तेव्हा ती फार मोठी गोष्ट असते. ते लिहिणं पाड्यापर्यंत पोचलं का, हे बघणं मला माझं काम वाटतं.

सकाळी ८

पाड्यावरचाच एक मुलगा मोटारसायकलवरून शेतावर घेऊन जातो. दावेदार तिथेच उभे आहेत. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना दादा.

शेत उतारावर आहे. खालच्या अंगाला दगडी बांध. मी त्याच्याशेजारी बसून घेते आणि बराच वेळ उठत नाही. खालच्या थरातले दगड मातीत रुतून काळे पडलेत, त्यांच्यावर शेवाळाचे वाळलेले राखी डाग आहेत. वरचे दगड उजळ, दरवर्षी निसटतात म्हणून पुन्हा रचलेले. एका ठिकाणी पळसाचं खोड दोन दगडांच्या सांधीतून वर आलंय आणि फुगत फुगत त्याने एक दगड बाजूला ढकललाय. बांध आधीचा, पळस नंतरचा, एवढं तरी डोळ्यांना दिसतं. बांधामागे साठलेली माती गुडघाभर. ती एका-दोन पावसांत साठत नाही.

वनहक्क नियमांतल्या १३व्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तीत सरकारी कागद आहेत, तसेच घर, बांध, सपाटीकरण अशा जमिनीवरच्या खुणाही आहेत. एकाहून जास्त पुरावे लागतात. बांध धरला तर एक झाला. दादा एक घडी घातलेला कागद पुढे करतात, वनखात्याने कधीकाळी केलेल्या दंडाची पावती. अशी पावती दाव्याला मोठा आधार देते, कारण माणूस तिथे होता हे खात्यानेच लिहून दिलेलं असतं. पण पावतीवरची शाई घामाने गेली आहे. साल लागत नाही.

आणि सगळं सालावर अडलंय. १३ डिसेंबर २००५ ला जमीन कसत असाल तर हक्क, नंतर शिरला असाल तर नाही. विधेयक लोकसभेत मांडलं गेलं तो हा दिवस. पाड्यावर कोणाला ही तारीख माहीत असण्याचं कारण नव्हतं.

सकाळी १०.३०

त्याच १३व्या नियमात, पुराव्यांच्या यादीच्या शेवटी, मला सगळ्यात मोलाचं वाटणारं कलम आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं म्हणणं, लेखी उतरवून घेतलेलं, हाही पुरावा आहे. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हापासून या लोकांच्या बोलण्याला कागदासमोर किंमत नव्हती. ती या एका ओळीने दिली.

शेजारच्या घरातल्या आजी ओट्यावर बसल्यात. त्या मावची बोलतात, मला गाडीवरून आणणारा त्यांचा नातू मराठीत सांगतो. शेत कधी काढलं, असं थेट विचारलं तर उत्तर येतं, ‘लय वरीस झाली.’ हे लिहून उपयोग नाही. म्हणून मी इकडच्या-तिकडच्या गोष्टी काढते. बहात्तरचा दुष्काळ? तेव्हा तिथे जंगलच होतं, त्या सुक्या फांद्या आणायला जात. मग कोंबड्यांची बीमारी?

आजी एकदम सरळ होऊन बसतात. त्या बाजारात दोन कोंबड्या घेऊन गेल्या होत्या. कोणी हात लावेना. नवापुरात कोंबड्या मारून पुरतात असं लोक सांगत होते. त्या दोन्ही कोंबड्या तशाच घरी घेऊन आल्या, मीठ-तेल उधारीवर आणलं. त्या साली दादांच्या शेतात तूर उभी होती का? होती की, आणि त्याच्या आदल्या पावसाळ्यातही होती. बांध घालताना त्यांनी स्वतः दगड वाहिले होते.

भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच सापडला, १८ फेब्रुवारी २००६ ला. कट-ऑफच्या तारखेनंतर दोन महिन्यांनी. तेव्हा उभी असलेली तूर त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पेरलेली असणार, म्हणजे २००५ च्या. या तालुक्याच्या स्मरणात कायद्याच्या तारखेला इतकी लागून दुसरी खूण नाही.

पण नवापुरात ही साथ २०२१ च्या फेब्रुवारीतही आली होती. कोणती साथ म्हणता, आजी? त्या नातवाकडे बोट दाखवतात. हा रांगत होता तेव्हाची.

दुपारी १

भाकरी, तुरीची डाळ, लसणाची चटणी. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे आणि पहिल्या घासाला ते का मिळालं हे कळतं. उन्हात बाहेर पडण्यात अर्थ नाही. सावलीत बसून टिपणं उतरवते.

२०२० च्या जुलैमध्ये मी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या मॅकगर्ट खटल्यावर लिहिलं होतं. पूर्व ओक्लाहोमातला मोठा प्रदेश आजही मस्कोगी क्रीक लोकांची राखीव भूमीच आहे, असा पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. टल्सा शहराचा बराच भाग त्यात येतो. त्या लोकांच्या हातात एकोणिसाव्या शतकातले करार होते. त्यांतून मिळालेली राखीव भूमी अमेरिकी काँग्रेसने स्पष्ट शब्दांत कधी रद्द केली नव्हती, म्हणून ती टिकली. कॅनडाच्या न्यायालयाने १९९७ मध्ये डेल्गामूक खटल्यात त्याहून पुढे जाऊन सांगितलं, की मूळ रहिवाशांचा तोंडी इतिहासही लेखी पुराव्याच्या बरोबरीने तपासला पाहिजे. इथे दादांच्या हाती करार नाही. आजी आहेत. आजींचं बोलणं कॅनडातल्या त्या साक्षींइतकंच वजनदार आहे आणि ते तितक्याच काटेकोरपणे तपासलं पाहिजे. दया म्हणून ते मानून घेणं हा त्यांचा अपमान ठरेल.

दुपारी २.३०

तपासणी. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून २००५. या तारखेवर भिस्त ठेवता येत नाही. पाड्यावरच्या कितीतरी मुलांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून हीच तारीख दिलेली असते. म्हणून ग्रामपंचायतीत जन्मनोंदीचं रजिस्टर बघायला मागितलं. तिथे जुलै २००५. फेब्रुवारी २००६ ला पोर सात महिन्यांचं होतं, म्हणजे रांगायच्या वयाचं. जुळतं.

दुसरं, आजींचं म्हणणं त्यांच्याच नातवाने मला सांगितलं होतं. म्हणून ध्वनिमुद्रण मावची जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना ऐकवते. ते दोन ठिकाणी थांबवून पुन्हा ऐकतात आणि सांगतात, पोराने बरोबर सांगितलंय, फक्त ‘दगड वाहिले’ नाही, ‘दगड वाहून कंबर गेली’ असं त्या म्हणाल्या.

दुपारी ४.३०

वनखात्यातला एक तरुण कर्मचारी नाव न लिहिण्याच्या अटीवर बोलतो. त्याचंही ऐकलंच पाहिजे. २००५ नंतर तोडून काढलेली शेतं त्याने स्वतः पाहिली आहेत आणि ती जुनी म्हणून दाखवली जातात, हा त्याचा राग खरा आहे. उपग्रहाच्या चित्रात जिथे झाडी दिसते तिथे शेत कसं मानायचं, असं तो विचारतो. उतारावरचं छोटं शेत, मध्ये राखलेले मोह आणि आंबे असले तर वरून झाडीच दिसणार, हेही तो नाकारत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे, की केवळ उपग्रहचित्रावरून दावा फेटाळता येणार नाही.

संध्याकाळी ६.३०

वनहक्क समितीची माणसं मारुतीच्या पारावर जमतात. उसाच्या टोळ्या गुजरातहून होळीसाठी परतू लागल्यात, म्हणून आज गर्दी आहे. ग्रामसभेला निम्मे लोक हजर हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया, असा नियम. पण दिवाळीनंतर अर्धा पाडा मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडच्या फडांवर गेलेला असतो. मग ठराव कसा व्हायचा? अधिकाऱ्यांची भेट नेमकी जानेवारीत ठरते, सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि दावा आणखी एक वर्ष पडून राहतो. कायदा शत्रू नाही, वेळापत्रक शत्रू आहे, असं एक बाई म्हणाली. तिचं बोलणं मी तिच्याच शब्दांत घेणार आहे.

रात्री ९.३०

लिहायला बसते. सुरुवात दोन कोंबड्यांनी करायची हे ठरलं. आजींचं म्हणणं, बांध, जन्मनोंद आणि शिक्षकांनी तपासलेलं भाषांतर या क्रमाने येईल. वनकर्मचाऱ्याचा आक्षेप त्याच्या पूर्ण ताकदीनिशी येईल, कारण तो टाळला तर बाकीच्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

एक जागा अजून रिकामी आहे. दावा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि दावेदाराला बाजू मांडू द्यावी लागते. अपिलाची मुदत ६० दिवसांची. दादांकडे त्यातले थोडेच उरलेत. उद्या सकाळच्या गाडीने नंदुरबारला जाऊन फाइल बघायला मागायची आहे. आजींचा जबाब तिच्यात कोणत्या पानावर लावलाय आणि नसेल लावला तर तो घ्यायला कोणी त्यांच्या ओट्यावर गेलं होतं का, हे दोन प्रश्न वहीच्या वरच्या ओळीत लिहून ठेवलेत. दादाही बरोबर येणार आहेत, पावती घेऊन.