गुप्त धारदार शस्त्रे
अंगावर, वस्त्रांत किंवा नित्य वापराच्या वस्तूत दडवून बाळगलेली व जवळून वार करण्यास योग्य अशी पात्याची शस्त्रे. काठीच्या पोकळीत बसविलेली गुप्ती, वक्र पात्याचा बिचवा व मुठीत लपणारे वाघनख हे त्यांचे महाराष्ट्रातील परिचित प्रकार होत. प्रतापगडच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या शिवाजी महाराज व अफझलखान यांच्या भेटीमुळे यांतील शेवटच्या दोहोंची नावे सर्वतोमुखी झाली. कोल्हापुरातील मर्दानी खेळांत लाठी, पट्टा, तलवार ही शस्त्रे उघडपणे फिरविली जातात. गुप्त शस्त्राचे बळ मात्र धारेपेक्षा न दिसण्यात असते. पोलीस शिपायाला त्याचा धोका अधिक, तो याचमुळे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येतून निव्वळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू वगळल्या असून लाठी व साधी हातकाठी ही त्यांची उदाहरणे दिलेली आहेत. तीच काठी पोखरून आत पाते बसविले, की ती शस्त्र ठरते. नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून (सु. २३ सेंमी.) लांब किंवा दोन इंचांहून (सु. ५ सेंमी.) रुंद पात्याचे चाकू येतात. ही मोजपट्टी न्यायालयात उपयोगी. रस्त्यावर तिचा आधार फारसा नाही, कारण याच्या निम्म्या लांबीचे पातेही प्राण घेऊ शकते. कोल्हापूर जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. हा उसाचा मुलूख असल्याने गळीत हंगामात तोडणी मजुराजवळ कोयता असणे स्वाभाविकच होय. परंतु पुण्यात २०२२-२३ मध्ये तरुणांच्या टोळक्यांनी दहशतीसाठी वापरले ते हेच अवजार. तेव्हा वस्तूवरून नव्हे, तर स्थळ, वेळ व वर्तन यांवरून संशय घ्यावा लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी ठराविक मुदतीपुरती शस्त्रे बाळगण्यास मनाई करू शकतो.

अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की सुरीधारी माणूस २१ फूट (सु. ६.४ मी.) अंतर सुमारे दीड सेकंदात ओलांडतो. लाठीचा लाभही अंतर असेपर्यंतच. झडती घेताना तो उरत नाही. म्हणून चेहऱ्यापेक्षा हातांवर नजर ठेवणे, समोर न उभे राहता बाजूस राहणे, आणि एकाने झडती घेत असता दुसऱ्याने पहारा देणे, हे सावधगिरीचे मुख्य उपाय होत. खिशात एकदम बोटे घालू नयेत. आधी कापडावरून चाचपावे. केवळ गोळीसाठी बनविलेले जाकीट सुरीचे टोक अडवीलच असे नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अंमल १ जुलै २०२४ पासून) कलम ५० प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीजवळील घातक शस्त्रे काढून घेता येतात. स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यावी लागते. एक शस्त्र सापडताच झडती थांबविणे ही नेहमीची चूक. दुसरे पाते पायमोज्यात किंवा कमरेच्या मागील बाजूस असू शकते.