महाग होते ते मोजमाप

कमी पैशांत गाडीला टर्बो बसवण्याच्या गेल्या पंचवीस वर्षांतल्या खटपटींकडे पाहिले, की सगळी चर्चा एकाच वस्तूभोवती फिरलेली दिसते: टर्बो कुठून मिळाला आणि केवढ्याला पडला. माझ्या मते हा हिशेब पहिल्यापासूनच उलट्या टोकाने मांडला गेला. टर्बो हा या कामातला महाग भाग नव्हताच. महाग होते ते मोजमाप. इंजिनात किती हवा गेली, तिला किती पेट्रोल मिळाले, ती किती तापली, भडका वेळेआधी उडाला का, हे कळण्याची साधने सामान्य गॅरेजच्या आवाक्याबाहेर होती, तोवर स्वस्त टर्बो हा नशिबाचा खेळ राहिला. ती आवाक्यात आली तेव्हा कारखान्यांनीच टर्बोच्या गाड्या विकायला सुरुवात केली होती आणि कायद्याने रस्ता जवळजवळ बंद केला होता. हा मागोवा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा समोर ठेवून घ्यावासा वाटतो, कारण हाताचे कसब आणि मोजण्याची साधने यांच्यातली दरी इथे फार स्पष्ट दिसते.

या पट्ट्यात कसबाची वाण कधीच नव्हती. फाळणीनंतर लष्कराच्या छावणीत आणून वसवलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केलेले गाव १९४९मध्ये उल्हासनगर झाले. आलेली वस्तू उघडून तिची घडण समजून घेणे आणि तशीच इथे बनवणे हा त्या गावाचा पोटापाण्याचा मार्ग ठरला. त्याची नंतर ‘नकली माल’ म्हणून कितीही हेटाळणी झाली, तरी त्यामागची कारागिरी खरी होती. अंबरनाथला १९५३पासून संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आहे. पुढे एमआयडीसी आली आणि लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची छोटी युनिट्स उभी राहिली. बदलापुरात खरवई आणि माणकिवली भागांतल्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आले. रसायनाचा कारखाना म्हटला की स्टेनलेस स्टीलची पाइप आली आणि तिला गळतीविना जोडणारा टिग वेल्डर आला. टर्बोचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे याच कामाची छोटी आवृत्ती: शेड्यूल ४०चे जाड बेंड, लेथवर तोंड सपाट केलेल्या फ्लॅन्ज आणि आतून आर्गॉन सोडून मारलेला सांधा. परदेशात हौशी माणसाचे बजेट मजुरीवरच संपते. इथे तीच मजुरी परवडण्याजोगी होती. टर्बो मिळवण्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळ होता आणि ट्रक-टेम्पोच्या टर्बोचे कार्ट्रिज बदलून देणारेही होते. म्हणजे बसवण्यापुरते सगळे हाताशी होते.

अडचण पहिल्याच पायरीवर होती, पण ती दिसत नव्हती. भंगारात स्वस्तात मिळणारा टर्बो बहुधा डिझेल गाडीचा असे, कारण आपल्याकडे टर्बो आला तोच डिझेलमधून. १९९८ची पुण्याची टाटा सफारी टर्बो डिझेल होती. पुढे १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनाने स्विफ्टपासून पुंटोपर्यंत टर्बो घरोघर नेला. पण डिझेलचा धूर साधारण साडेसातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो आणि पेट्रोलचा धूर जोरात चालवताना साडेनऊशेच्याही पुढे जातो. डिझेलसाठी ओतलेल्या बिडाच्या घराला तो फरक सोसत नाही. पात्यांचा कोन बदलणारा, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो असेल, तर त्या नाजूक पात्या पेट्रोलच्या आचेत अडकतात. असा टर्बो पेट्रोल इंजिनावर नेहमीच्या वापरासाठी देणे पोर्शला ९११मध्ये २००६ साली जमले, तेही महागडे मिश्रधातू वापरून. शिवाय ७५ अश्वशक्तीच्या डिझेलसाठी बेतलेला चिमुकला टर्बो १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर खालच्या फेऱ्यांत झकास ओढतो आणि वर जाताच गुदमरतो. मागचा दाब वाढतो, इंजिनातली उष्णता बाहेर पडत नाही. बाहेरून सगळे ठीक दिसते, गाडी पळतेही, आणि पिस्टनचा माथा वितळायला लागलेला असतो.

दुसरी चूक दाबाला हवा समजण्याची. बूस्ट गेजवर अर्धा बार दिसला की दीडपट हवा गेली असे धरले जाई. थोडा हिशेब करून पाहू. बदलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. चाळीस अंशांची हवा अर्धा बार जादा दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ती बाहेर पडते तेव्हा जवळपास शंभर अंशांवर असते. तापलेली हवा विरळ. म्हणून प्रत्यक्षात सिलिंडरला मिळते ती दीडपट नव्हे, सुमारे १.२६ पट हवा. मध्ये ७० टक्के कार्यक्षमतेचा इंटरकूलर घातला तर तापमान अठ्ठावन्न अंशांच्या आसपास येते आणि हवा १.४२ पट होते. दाब तोच, टर्बो तोच, फरक एका रेडिएटरसारख्या डब्याचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या चाळीस अंशांच्या फरकावर नॉकिंग, म्हणजे तो वेळेआधीचा भडका, होणार की नाही हे ठरते. नेहमीच्या पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन नऊ-दहास एक असते आणि पंपावरचे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ ऑक्टेनचे होते. हे दोन आकडे एकत्र आले की उरलेली सवलत फार थोडी. तरीही बजेट कमी पडले की पहिली कात्री इंटरकूलरला लागे. नवा टर्बो दाखवता येतो, सेवनाचे तापमान दाखवता येत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

सुझुकीने हेच काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. आपल्या मारुती ८००चे ७९६ सीसीचे इंजिन चाळीसच्या आतबाहेर अश्वशक्ती देई. त्याच घराण्यातल्या ५४३ सीसीच्या इंजिनातून सुझुकीने १९८७च्या आल्टो वर्क्समध्ये ६४ काढल्या. आकाराने एक तृतीयांश लहान आणि ताकद दीडपट, हे ऐकून टर्बोची जादू वाटते. पण त्या गाडीत दर सिलिंडरला चार व्हॉल्व्हचे डोके होते, दोन कॅमशाफ्ट होते, इंटरकूलर होता आणि इंधन मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. टर्बो त्या यादीतला एक घटक. कार्बोरेटरच्या ८००वर नुसता टर्बो चढवणाऱ्याला त्या यादीतल्या बाकीच्या ओळी वाचायलाच मिळाल्या नव्हत्या.

२०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन, आले. वरकरणी काम सोपे झाले, प्रत्यक्षात आणखी झाकले गेले. आता इंधन किती द्यायचे ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवू लागला आणि त्याच्या तक्त्यात वातावरणापेक्षा जास्त दाबाचे रकानेच नव्हते. मग फ्युएल प्रेशर वाढवणे, मोठे इंजेक्टर घालणे, सेन्सरला चकवणारी पेटी जोडणे असे उपाय आले. प्रत्येकात थोडे तथ्य होते, पण मिश्रण खरोखर किती झाले ते कुणी पाहत नव्हते. कंपनीचा साधा ऑक्सिजन सेन्सर एवढेच सांगतो की मिश्रण पातळ आहे की घट्ट. किती घट्ट, हे सांगायला वाइडबँड सेन्सर लागतो. माझ्या दृष्टीने या सगळ्या काळातली खरी कलाटणी हीच. २००१च्या सुमारास अमेरिकेत ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट नावाचा, स्वतः डाख मारून जोडता येणारा इंजेक्शन कंट्रोलर हौशी लोकांसाठी खुला केला. पुढे अर्दुइनोवर चालणारा स्पीडुइनो आला आणि वाइडबँडही स्वस्त झाला. ज्याला लॅपटॉप आणि सोल्डरिंग येते त्याला इंजिनाच्या आत डोकावता येऊ लागले. चिनी टर्बो स्वस्त झाल्याचा गाजावाजा जास्त झाला. त्यामुळे वाचलेली इंजिने मात्र मला दिसत नाहीत.

यावर जुना मिस्त्री म्हणेल, आम्ही डिझेलचा पंप कानाने आणि धुराच्या रंगाने लावतो, मोजमापाशिवाय काय अडले? त्याचे म्हणणे डिझेलपुरते अगदी खरे आहे. डिझेलमध्ये जादा इंधन काळा धूर होऊन समोर दिसते आणि कमी इंधनाने इंजिन थंड चालते. पेट्रोलचे उलट आहे: बूस्टमध्ये इंधन थोडे कमी पडले की आच वाढते, धूर दिसत नाही आणि नॉकिंगचा आवाज सायलेन्सरच्या गोंगाटात हरवतो. पण त्याच मिस्त्रीच्या ज्ञानाचा एक भाग पेट्रोलवाल्यांनी घ्यायलाच हवा होता, तो म्हणजे तेलाचा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल खाली केवळ उताराने परत जाते. परतीची नळी अरुंद ठेवली, वळवली किंवा चेंबरमधल्या तेलाच्या पातळीखाली जोडली, की तेल तुंबते आणि सीलमधून धूर येतो. टर्बो गेला असे समजून तो बदलला जातो आणि दुसराही तसाच धुरकट निघतो. टेम्पोच्या गॅरेजमध्ये हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: एवढे करण्यापेक्षा तयार टर्बोची गाडी का घेऊ नये? दोन दशकांपूर्वी या प्रश्नाला उत्तर होते. २००४ला औरंगाबादेत जुळणी होऊन आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १५० अश्वशक्तीची होती, पण मध्यमवर्गाच्या कल्पनेपलीकडच्या किमतीची. २०१०मध्ये रांजणगावची लिनिया टी-जेट आली, २०१३मध्ये चाकणची पोलो जीटी टीएसआय ७.९९ लाखांत आली, २०१५मध्ये पुन्हा रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो ९.९५ लाखांत. २०१७च्या नेक्सॉनपासून तर पेट्रोल टर्बो ही नेहमीची गोष्ट झाली. अशी जुनी गाडी घेऊन तिचा ईसीयू रिमॅप केला तर घरगुती टर्बोपेक्षा जास्त ताकद, कमी खर्चात आणि कमी धोक्यात मिळते. रोजच्या वापरासाठी मीही तेच सुचवेन. तरीही या आक्षेपाने घरगुती कामाचे मोल संपत नाही. टाटा आणि कोइमतूरच्या जयेम यांनी २०१८ला ११४ अश्वशक्तीची टियागो जेटीपी ६.३९ लाखांत आणली आणि २०२०मध्ये बीएस-६च्या उंबरठ्यावर ती बंद पडली. बलेनो आरएसचेही तेच झाले. स्वस्त वेगवान गाडी कंपन्यांनी टिकवली नाही. आणि तयार गाडीतून इंजिनाचे शिक्षण मिळत नाही. अंबरनाथच्या शासकीय आयटीआयमधून निघालेला तरुण स्वतः मॅनिफोल्ड जोडून, मिश्रणाचा तक्ता भरून जे शिकतो, तो त्याचा उद्याचा धंदा आहे.

कायद्याचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. एमएच-०५ची पाटी लावून कल्याण-बदलापूर रस्त्यावर असली गाडी पळवणे बेकायदा आहे आणि ते तसेच असावे. त्या रस्त्यावर शाळेची मुले असतात. पण नोंदणीची सक्ती सार्वजनिक जागी चालवण्यासाठी आहे. खासगी धावपट्टीवर, आयोजकांच्या देखरेखीखाली धावणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळा. चेन्नई आणि कोइमतूरचे ट्रॅक हजार किलोमीटरपलीकडे असले, तरी लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत.

म्हणून आज कुणी या पट्ट्यात बजेट मांडायला बसला तर कागदावरचा क्रम असा हवा: आधी वाइडबँड आणि तापमानाचे सेन्सर, मग कंट्रोलर, इंजेक्टर आणि पंप, मग इंटरकूलर, तेलाच्या नळ्या, आणि उरलेल्या पैशांत पेट्रोलसाठीच बनलेला, नेमक्या मापाचा टर्बो. २०२५पर्यंत पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. त्याने नॉकिंगला थोडी मोकळीक मिळते, पण त्याच हवेला इंधन जास्त लागते, म्हणून जुन्या तक्त्यावर विसंबता येत नाही आणि इंजेक्टर एक माप मोठे धरावे लागतात. जुन्या नळ्या आणि सील इथेनॉलला टिकतात का तेही आधी पाहावे. गाडी बदलापूरहून कर्जत-खोपोलीमार्गे घाट चढून धावपट्टीपर्यंत न्यायची तर ती स्वतःच्या चाकांवर नव्हे, फ्लॅटबेड टोइंगवर जाईल. त्या टोइंगचे जाण्यायेण्याचे भाडे टर्बो विकत घेण्याआधीच यादीत लिहून ठेवावे.