मानेतला पहारेकरी

आमच्या मराठी कवींनी हृदयाला काय काय करायला लावले आहे! ते फुटते, पाझरते, कुणाला तरी कायमचे देऊनही टाकले जाते. मात्र या बिचाऱ्याला स्वतःच्या मर्जीने चालण्याची मुभासुद्धा नाही, हे कुणा कवीने सांगितल्याचे स्मरत नाही.

हृदयाकडे येणारे सारे मज्जातंतू निकामी केले, तर ते बंद पडत नाही. उलट मिनिटाला 100च्या आसपास ठोके देऊ लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी 70च्या घरात असते ती मेंदूने लगाम खेचून धरलेला असतो म्हणून. हा लगाम म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. जोडीला चाबूकही आहे; परिभाषाकारांनी त्याला ‘अनुकंपी’ मज्जासंस्था म्हणावे, ही गंमतच!

ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने या लगामाचे गुपित 1921 मध्ये उघड केले. प्रयोगाची कल्पना त्याला स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत केलेले टिपण सकाळी वाचता येईना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा गृहस्थ उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवला, ते मंदावले. त्याभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. लगाम रासायनिक होता. 1936 चे नोबेल पारितोषिक त्याला हेन्री डेलसमवेत मिळाले.

पण लगाम केव्हा खेचायचा, हे मेंदूला कोण सांगते? जबड्याखाली, जिथे मानेतल्या मोठ्या रोहिणीला दोन फाटे फुटतात, तिथे थोडा फुगवटा असतो. रक्तदाब वाढला की त्याची भिंत ताणली जाते आणि तिच्यातले मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी निरोपांवर निरोप धाडतात. असेच दुसरे ठाणे हृदयाजवळच्या महारोहिणीत आहे. आपण अंथरुणातून उठून उभे राहिलो, की सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. दाब घसरतो, निरोप विरळ होतात, लगाम क्षणात सैल पडतो. मागोमाग काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळतात. तुमच्या चपला पायात सरकण्याआधीच हे सारे उरकलेले असते.

या पहारेकऱ्यात एक खोट आहे. तो बदल ओळखतो. पण दाब दीर्घकाळ चढाच राहिला, तर त्यालाच तो रीत समजू लागतो. म्हणून “मला काही होत नाही” या बोलण्यावर विसंबू नये. दाब मोजावाच लागतो.

वयोमानाने रोहिण्या ताठर होतात, भिंत पुरेशी ताणत नाही आणि निरोप उशिरा पोचतो. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या, तर पहाटे उठताना आजोबांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातले “अशक्तपणा” म्हणून साखरपाणी देतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने उतरला, तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. दाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजायला सांगावे. तोवर आजोबांनी पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे बसावे, मग उठावे.