कारंज्याच्या डोक्यावरचं बोलणं

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानं मात्र रोज येतात, फक्त दहा-अकरा किलोमीटर उंचावरून. नकाशा काढा आणि पट्टी ठेवा. मुंबई ते नागपूर एक रेघ, बंगळूरु ते दिल्ली दुसरी. या दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या कारंजा लाडच्या आसपास! खरे हवाई मार्ग इतके सरळ नसतात, पण सोयाबीनच्या वावरात उभं राहून मान वर केली की पांढरी रेघ ओढत जाणारं एखादं विमान दिसतंच. त्यातला वैमानिक त्या वेळी बहुधा जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाशी बोलत असतो किंवा त्याचं ऐकत असतो. ढगात, अंधारात, बाहेर काही दिसत नसताना निव्वळ काट्यांवर विमान हाकायचं, तर आजूबाजूला कोण आहे हे सांगणारा मुख्य आधार तो आवाजच.

हे बोलणं आपल्या रेडिओवर का लागत नाही? कारण एफएमची पट्टी 108 मेगाहर्ट्झला संपते. तिथून पुढे दिशा दाखवणाऱ्या उपकरणांचे संकेत, आणि 118 पासून वैमानिकांचा आवाज. तोही एफएम नव्हे, एएम. या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून 35,000 फुटांवरच्या विमानाचा आवाज चारशे किलोमीटरवरही पोचू शकतो. कारंज्याच्या माथ्यावरून नागपूर म्हणजे हाकेच्या अंतरावर.

विमानांची आकाशातली नावं मजेशीर असतात. इंडिगोचं विमान स्वतःला इंडिगो म्हणवत नाही, ‘आयफ्लाय’ म्हणतं. एअर इंडिया एक्सप्रेस उलटी होऊन ‘एक्सप्रेस इंडिया’ होते. एप्रिल 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून उतरू लागलेली अलायन्स एअर म्हणजे ‘अलाइड’. आणि ब्रिटिश एअरवेज? ‘स्पीडबर्ड’.

आता ‘रॉजर’. सिनेमावाल्यांनी या शब्दाचं वाटोळं केलंय. त्याचा अर्थ ‘हो’ नाही, ‘मान्य’ही नाही. ‘तुमचं सगळं बोलणं पोचलं’, बस्स. मोर्सच्या काळात ‘रिसीव्ह्ड’साठी नुसता आर ठोकत, आणि अक्षरं शब्दांनी सांगायच्या तेव्हाच्या वर्णमालेत आर म्हणजे रॉजर. 1 मार्च 1956 पासून नवी वर्णमाला लागू झाली, आरचा ‘रोमिओ’ झाला, तरी रॉजर जागचा हलला नाही. ‘सांगितलंत तसं करतो’ यासाठी ‘विल्को’ आहे, त्यामुळे ‘रॉजर विल्को’ म्हणणं म्हणजे एकच पावती दोनदा फाडणं. ‘ओव्हर अँड आउट’ तर शुद्ध वेडेपणा: ‘आता तुम्ही बोला’ आणि ‘बोलणं संपलं’, दोन्ही एका दमात!

त्या 1956 च्या वर्णमालेत ज्युलिएटच्या स्पेलिंगला शेवटी दोन टी आहेत. एकच ठेवला असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता. आकड्यांचीही अशीच मोडतोड केली आहे. थ्री नाही, ‘ट्री’. फाइव्ह नाही, ‘फाइफ’. नाइन नाही, ‘नाइनर’. खरखरीत फाइव्ह आणि नाइन एकसारखे ऐकू येतात म्हणून. ‘अफर्मेटिव्ह’चं शेपूट तोडून ‘अफर्म’ केलं, कारण सुरुवातीचा तुकडा खरखरीत गेला तर मागे उरणारं ‘-टिव्ह’ ‘निगेटिव्ह’चंही असू शकतं.

हा काटेकोरपणा अतिरेकी वाटत असेल तर 19 फेब्रुवारी 1989 ची गोष्ट ऐका. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू 747 क्वालालंपूरजवळच्या सुबांग विमानतळाकडे उतरत होतं. नियंत्रक म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्याच्या मनातला ‘टू’ होता दोनचा, म्हणजे 2400 फूट. वैमानिकांनी तो ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ समजला. उलट उत्तर गेलं: ‘ओके, फोर झीरो झीरो’. ते 400 कोणाला खटकलं नाही, आणि विमान टेकडीवर आदळलं. विमानातले चौघेही गेले. उंची, दिशा, धावपट्टी, दाबाचा आकडा, सारं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं हा नियम आहेच. पण ते परत म्हटलेलं कान देऊन ऐकणं हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते तोच जास्त कठीण.

दुसरी अडचण एएमची. दोघे एकदम बोलले की ग्रामसभेसारखं होतं, कोणाचंच कळत नाही, नुसती शिट्टी वाजते. 27 मार्च 1977 ला टेनेरीफ बेटावरच्या विमानतळाच्या धुक्यात हेच झालं. टॉवरचं ‘थांबा’ आणि पॅन ॲमचं ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ एकाच क्षणी निघालं, आणि उड्डाणाला निघालेल्या केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये पोचली ती शिट्टी. दोन्ही विमानं आदळून 583 माणसं मेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा काढून घेताना उच्चारायचा. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’.

आपल्याकडचा धडा चरखी दादरीचा, 12 नोव्हेंबर 1996. कझाक विमानाला 15,000 फुटांची पातळी दिली होती, समोरून येणाऱ्या सौदी विमानाला 14,000 ची. कझाक विमान खाली घसरलं, दोन्ही हवेत धडकली आणि 349 जण गेले. कझाक चमूचं कच्चं इंग्रजी तपासात पुढे आलं. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं.

जरा हलकं घेऊ. विमानाला रडारवर ओळखायला चार आकडी कोड देतात, पण त्यात आठ आणि नऊ नसतातच. म्हणून एकूण कोड 4096. त्यातले तीन राखीव: 7500 अपहरण, 7600 रेडिओ बंद, 7700 संकट. रेडिओ बंद पडला तर टॉवर दिव्याने बोलतो. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा. वैमानिक दिवसा पंख हलवून ‘समजलं’ म्हणतो.

‘मेडे’ ही संकटाची हाक लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरच्या फ्रेडरिक मॉकफर्ड या रेडिओ अधिकाऱ्याची 1920 च्या दशकातली कल्पना. ती तीनदा म्हणायची. भीड बाळगली तर काय होतं? जानेवारी 1990 मध्ये न्यूयॉर्कवर घिरट्या घालणाऱ्या आवियांका कंपनीच्या विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, ‘इमर्जन्सी’ मात्र म्हटलंच नाही. विमान कोसळलं आणि 73 जणांचा जीव गेला.

आपल्या भागाला रात्रीची विमानं नवी नाहीत. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची.

आता बेलोऱ्यालाच एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. कारंजा-मानोऱ्याच्या पोरापोरींना तिथे जायचं असेल तर ‘आरटीआर’ हे नाव आत्ताच ऐकून ठेवा. रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची ही परीक्षा. ती वर्षानुवर्षं दूरसंचार खातं घेत असे, 2025 पासून नव्या वायुयान कायद्याने ती नागरी विमान महासंचालनालयाकडे आली. समोर कागदावर मार्ग, परीक्षक नियंत्रक झालेला, आणि तुम्ही बसल्या जागी काल्पनिक विमानातून बोलायचं. मध्येच इंजिनही बंद पाडतात.