मीनावहिनी दिसायच्या कशा?

आज इथं बारामती-इंदापूरकडची माझ्या वयाची बरीच मंडळी दिसतायत. त्यांना ‘मीनावहिनी’ म्हटलं की पुढचं सांगावं लागणार नाही. तरुणांसाठी सांगतो. ‘पुन्हा प्रपंच’ ही आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची विनोदी श्रुतिका. त्यात पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. कलाकार होते बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. विषय साधेच, तुमच्याआमच्या घरातले.

आता प्रश्न असा, की चेहराच दिसत नाही तर हसू येतं कुठून? रंगमंचावर नट भुवई उडवतो, आपण हसतो. रेडिओवर ती भुवई आवाजात आणावी लागते. एखाद्या हुंकारात, नेमक्या जागी घेतलेल्या विरामात. बाकीचं काम ऐकणारा करतो. दादरच्या चाळीतल्या वहिनी गोल पातळात असतील, इंदापूरच्या वाड्यातल्या नऊवारीत. आवाज एकच, वहिनी मात्र घरोघरी वेगळ्या. म्हणजे पात्र अर्धं कलाकाराचं, अर्धं श्रोत्याचं.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. टॉमी हँडली हा तिथला रेडिओचा लाडका विनोदवीर. १९३९ साली बीबीसीवर सुरू झालेला त्याचा कार्यक्रम महायुद्धाच्या काळात घराघरांत ऐकला गेला. कार्यक्रमात तो स्वतःच्याच नावानं वावरायचा. जानेवारी १९४९ मध्ये तो वारला आणि कार्यक्रमही तिथंच थांबला. माणूस आणि पात्र वेगळे करताच येईनात.

आपल्याकडे उलट झालं. संगीतकार यशवंत देवांशी लग्न झाल्यावर नीलम प्रभू करुणा देव झाल्या. नाव बदललं, पण श्रोत्यांच्या लेखी त्या वहिनीच राहिल्या. यात कलाकारावर अन्याय आहे का? आहे थोडा. आवाज ओळखीचा आणि बाई अनोळखी, ही रेडिओची रीतच. पण बघा, ‘वहिनी’ ही काही पदवी नव्हे, ते नातं आहे. अनोळखी बाईला लाखो घरांनी नात्यानं हाक मारावी, हे मिळवायला नुसती प्रसिद्धी पुरत नाही.

जून २०२० मध्ये त्या गेल्या. तेव्हा गेलं कोण? करुणाताई गेल्या, हे खरं. पण मीनावहिनींचा श्रोत्याकडचा अर्धा भाग अजून शिल्लक आहे. तो कुठल्याही ध्वनिफितीत सापडायचा नाही. तो तुमच्या आजीच्या डोक्यात आहे. आम्ही सत्तरी-ऐंशीतली माणसं गेलो की तोही जाईल.

म्हणून एक काम सांगतो. आज घरी गेलात की आजीला, आत्याला विचारा, “तुमच्या मीनावहिनी दिसायच्या कशा?” आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.